साथींचा भूगोल : चांदोलीपासून जतपर्यंत

साथीचे रोग कोठेही आणि केव्हाही उद्भवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वनस्पती आणि प्राण्यांप्रमाणेच रोगजंतूंचाही स्वतःचा भूगोल असतो. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जावे तसतशी मानवी रोगजंतूंच्या जातींची संख्या घटत जाते, असे फ्रान्समधील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले. शीत प्रदेशांतील बहुतेक रोग उष्ण प्रदेशांतही आढळतात, उलट मात्र घडत नाही. या रचनेमागे हवामान, त्यातही पावसाचे मान, हे प्रमुख कारण ठरते.

हे जागतिक सूत्र सांगली जिल्ह्यात लहान प्रमाणावर पाहता येते. पश्चिमेस चांदोलीच्या जंगलपट्ट्यात वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेस जत, आटपाडी भागात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन टोकांच्या मधोमध, कृष्णा-वारणेच्या ऊसपट्ट्यात, वाळवा तालुक्यातील आष्टा वसले आहे.

जंगलाच्या कडेचा ताप

सह्याद्रीच्या रांगेतील ठळक उदाहरण म्हणजे माकडताप. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा विषाणू प्रथम आढळला. गोचिडींमार्फत तो माकडांत आणि माणसांत पसरतो. अनेक दशके त्याच परिसरापुरता राहिलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. त्याने राज्यांच्या सीमा पाळल्या नाहीत. तो पश्चिम घाटाच्या वनपट्ट्यानेच सरकला. काजूच्या बागेत वा जंगलात पालापाचोळा, सरपण गोळा करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो.

कोरड्या प्रदेशाचे रोग

पाऊस कमी म्हणजे रोग कमी, असे मात्र नाही. पायऱ्यांच्या विहिरींतील पाणी पिणाऱ्या गावांना एके काळी नारूने ग्रासले होते. विहिरींची सुधारणा, पाणी गाळून पिण्याची सवय आणि चिकाटीने केलेली पाहणी यांमुळे भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. चिकुनगुन्याची १९७३ मधील साथ सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत उद्भवली होती. त्यानंतर तीन दशके जवळजवळ अदृश्य झालेला हा रोग २००५-०६ मध्ये देशभर परतला. पाणीटंचाईमुळे लोक रांजणांत, टाक्यांत पाणी साठवतात आणि एडिस डासाला नेमके तेच हवे असते.

पूर, ऊस आणि उंदीर

नदीकाठचे चित्र निराळे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठ बुडाला. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर याच रोगाची साथ आली होती. उसाशी त्याचे नाते जुने आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९३० च्या दशकात ऊसतोड कामगारांत तो पसरला. उंदीर पळावेत म्हणून तोडणीपूर्वी फड जाळावा, या मागणीसाठी १९३५ मध्ये कामगारांनी संप केला. आष्टा परिसरात ओल्या शेतात अनवाणी राबणाऱ्या मजुरांसाठी गमबूट आणि तापाचे वेळीच निदान, हे म्हणूनच चैनीचे उपाय नव्हेत.

नकाशा बदलतो तेव्हा

हा भूगोल स्थिर नाही. माणूस पाण्याची वाट बदलतो, तेव्हा रोगाचीही वाट बदलते. राजस्थानच्या वाळवंटात कालव्याचे पाणी आल्यावर मलेरिया पसरविणाऱ्या डासांना नवा आसरा मिळाला आणि १९९४ मध्ये तेथे मोठी साथ आली. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी सांगलीच्या दुष्काळी पूर्वभागात नेले आहे. त्या भागासाठी हे वरदान होय. परंतु अतिसिंचनाने क्षारपड, पाणथळ झालेल्या वाळवा-मिरजेकडील जमिनी निचऱ्याकडील दुर्लक्षाची किंमत सांगतात. साचलेले पाणी पिकाला मारते आणि डासाला पोसते. शिवाय हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या तोडणी कामगारांसोबत त्यांच्या गावचे रोगही येऊ शकतात आणि येथील रोग तिकडे जाऊ शकतात.

जगात १९४० ते २००४ या काळात नव्याने उद्भवलेल्या ३३५ रोगघटनांपैकी सुमारे ६० टक्के प्राण्यांपासून माणसात आलेल्या होत्या, असे २००८ मधील एका अभ्यासात आढळले. त्यामुळे केवळ रुग्णालयातील नोंदी पाहून साथ ओळखण्याचा प्रयत्न बहुधा उशिरा पडतो. धरणाचा विसर्ग, जंगलात मेलेली माकडे, शिवारातील उंदरांची वाढ आणि टोळ्यांचा मुक्काम यांची माहिती आरोग्य, कृषी, वन आणि पाटबंधारे खात्यांनी एकत्र ठेवली, तर पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच धोक्याची जागा कळू शकेल. जिल्ह्याच्या सीमा कागदावर असतात; साथ मात्र पाणी, जंगल आणि माणसांच्या वाटेने जाते.