वेंगुर्ले ते बेळगाव : एका एस.टी. मार्गावर राज्याची सीमा कशी आली (धागा)

वेंगुर्ल्याहून बेळगावला जाणारी एस.टी. सावंतवाडीला थांबते, दाणोली मागे टाकून आंबोलीचा घाट चढते, चंदगड तालुक्याच्या पठारावरून पूर्वेकडे धावते आणि शिनोळी ओलांडून कर्नाटकात शिरते. पुढे बाची, हिंडलगा आणि मग बेळगाव. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. या वाटेत निसर्गाने उभी केलेली एकच खरी भिंत आहे, ती म्हणजे सह्याद्री. पण तो सगळाच्या सगळा महाराष्ट्रात आहे. राज्याची सीमा मात्र जिथे ना नदी ना डोंगर, अशा सपाट शेतजमिनीवर येते.

ती तिथे कशी आली, आणि आल्यावर या गाडीचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा धागा. सीमाप्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात ठराव, आयोग, आंदोलने, न्यायालय हे सारे येते. रोज सकाळी ती सीमा ओलांडणाऱ्या गाडीचा उल्लेख सहसा येत नाही.

आधी रस्ता. बेळगावला रेल्वे पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. त्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. बेळगावात इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. तिचे सामान गलबतांतून वेंगुर्ल्याला उतरे आणि बैलगाड्यांतून घाट चढे. वरून कापूस व धान्य खाली येई, खालून नारळ, सुपारी, मीठ वर जाई. रेल्वे आल्यावर बंदराचे वैभव ओसरले. रस्ता मात्र राहिला, कारण तोवर त्याच्या दोन्ही अंगांची गावे एकमेकांच्या बाजाराची आणि सोयरिकीची झाली होती.

या रस्त्यावर हद्दी तेव्हाही होत्या. वेंगुर्ले ब्रिटिश मुलखातील रत्नागिरी जिल्ह्यात. मध्ये सावंतवाडी संस्थान. घाट चढून गेल्यावर पुन्हा ब्रिटिश मुलूख, म्हणजे बेळगाव जिल्हा. चंदगड हा त्याच जिल्ह्याचा भाग. एका मुक्कामाच्या प्रवासात माणूस दोनदा राज्य बदलत असे. तेव्हा या वाटेवर पूर्वी सीमाच नव्हती आणि १९५६ साली ती अचानक उपटली, असे जे सरसकट सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

१९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वेंगुर्ल्याच्या धक्क्यापासून बेळगावच्या किल्ल्यापर्यंतचा सगळा रस्ता प्रथमच एका राज्याच्या अमलाखाली आला. त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, मुंबई राज्याच्या सरकारी वाहतूक सेवेची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. म्हणजे हा अखंड रस्ता आणि एस.टी. यांचा जन्म एकाच वर्षातला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

त्याआधी रस्त्यांवर खासगी मोटारी होत्या. आपल्या आजोबांची पिढी त्यांना ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत असे. गाडी भरेपर्यंत निघायचे नाही, हे त्यांचे वेळापत्रक. महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा यांतल्या कित्येक गाड्या कोळशाच्या वायूवर चालल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचे. सरकारी सेवेने आणलेली खरी क्रांती गाडीची नव्हती, ठरलेल्या वेळेची होती. उतारू दोन असोत की चाळीस, सहाची गाडी सहाला सुटणार, हा विचार खेडेगावाला नवा होता. १९५० साली रस्ते वाहतूक महामंडळांचा केंद्रीय कायदा झाला आणि या सेवेला महामंडळाचे रूप मिळाले. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यात होते, म्हणून तेही याच महामंडळाच्या कार्यक्षेत्रात होते.

ही एकसंध अवस्था टिकली जेमतेम साडेआठ वर्षे.

राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ साली अहवाल दिला. बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे जावा, पण चंदगड तालुका त्यातून वगळावा, अशी शिफारस त्यात होती. चंदगड वगळण्याचे कारण भाषा: तालुका उघडच मराठीभाषक. बेळगाव शहर आणि खानापूर तालुका यांच्याबाबत मात्र आयोगाने जिल्ह्याच्या उर्वरित भागाशी असलेल्या आर्थिक आणि प्रशासकीय संबंधांना अधिक वजन दिले. शेजारशेजारच्या दोन मुलखांना दोन वेगळ्या फुटपट्ट्या लावल्या गेल्या. भाषेची फुटपट्टी सगळीकडे लावली असती तर रेघ बेळगावच्या पलीकडे गेली असती, अशी महाराष्ट्राची भूमिका पुढे राहिली. आर्थिक संबंधांची फुटपट्टी सगळीकडे लावली असती तर चंदगडचे काय झाले असते, हा प्रश्न तितक्या मोठ्या आवाजात कोणी विचारला नाही.

कारण चंदगडचा बाजार बेळगाव होता. तालुक्यातून बेळगाव चाळीस किलोमीटरांच्या आत-बाहेर. कोल्हापूर शंभराहून जास्त. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जिल्ह्याची कचेरी उत्तरेला गेली. बाजार, दवाखाना आणि महाविद्यालय पूर्वेलाच राहिले. जमिनीच्या कामासाठी एका दिशेची गाडी आणि बाकी सगळ्यासाठी दुसऱ्या दिशेची, अशी या तालुक्याची विभागणी झाली. त्यांतली दुसऱ्या दिशेची गाडी त्या दिवशी आंतरराज्य झाली.

आंतरराज्य होणे म्हणजे नेमके काय? इथे थोडे कायद्याच्या वाटेने जावे लागेल. रुक्ष आहे, पण सारी गोम त्यातच आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याचे साधे तत्त्व असे, की प्रवासी गाडीचा परवाना ज्या प्रदेशात दिला त्याच प्रदेशात चालतो. दुसऱ्या राज्यात जायचे तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी त्यावर हवी. पुनर्रचनेच्या दिवशी, राज्यांच्या हद्दी हलताच, देशभरातील असंख्य परवाने एका रात्रीत अर्धवट निरुपयोगी झाले असते. हे ओळखून पुनर्रचनेच्या कायद्यातच तरतूद केली गेली, की आधीचे परवाने जुन्या क्षेत्रात तसेच वैध राहतील, त्यांना नव्या प्रतिस्वाक्षरीची गरज नाही, आणि नवी हद्द ओलांडली म्हणून त्या गाडीवर प्रवेशशुल्कासारखा नवा आकार बसणार नाही. राज्यांचा नकाशा बदलणाऱ्या कायद्यात कोणीतरी बसगाडीची आठवण ठेवली होती. त्या अनाम मसुदाकाराला दाद द्यायला हवी.

परवान्याचे निभावले, पण महामंडळाचे काय? एका राज्याचे महामंडळ, त्याचे आगार आता दुसऱ्या राज्यात. १९५० च्या कायद्यात १९५६ सालीच कलम ४७-अ घालण्यात आले ते यासाठी. राज्य सरकारने योजना आखायची, केंद्राने ती मंजूर करून आदेश काढायचा, आणि त्याप्रमाणे मालमत्ता, देणी आणि कर्मचारी वाटून घ्यायचे. भावाभावांच्या वाटण्या जशा होतात तशीच ही वाटणी, फक्त भांड्यांच्या जागी गाड्या आणि आगारे. बेळगावकडच्या सेवा म्हैसूर राज्याकडे गेल्या. तिथे १९६१ साली स्वतंत्र महामंडळ झाले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, तसे महामंडळाचेही बदलले. पुढे १९९७ साली त्यातून वायव्य कर्नाटक महामंडळ वेगळे निघाले. त्याचे मुख्यालय हुबळीला. या बाजूला १९६० साली मुंबई राज्य दुभंगले आणि आपले महामंडळ महाराष्ट्राचे झाले.

जाता जाता एक गोष्ट. याच सावंतवाडीहून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला बांद्यापलीकडे पत्रादेवीला जी सीमा लागे, ती डिसेंबर १९६१ पर्यंत चक्क परदेशाची होती. पोर्तुगीज गेले, गोवा भारतात आला आणि ती देशांची सीमा राहिली नाही. म्हणजे सावंतवाडीच्या एका बाजूला सीमा हलकी होत होती, त्याच सुमारास दुसऱ्या बाजूची घट्ट होत होती.

जुन्या परवान्यांची सोय कायम पुरणारी नव्हती. नव्या फेऱ्या सुरू करायच्या तर दोन राज्यांनी करार करणे आले. कोणत्या मार्गावर कोणाच्या किती गाड्या, किती फेऱ्या आणि किती किलोमीटर, हे त्या करारात लिहिलेले असते. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याचे कलम ८८ सांगते, की अशा कराराचा मसुदा दोन्ही राज्यांनी राजपत्रात आणि त्या भागात खपणाऱ्या प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावा, आणि हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावेत. सीमेबाबत दोन्ही सरकारे न्यायालयात एकमेकांसमोर उभी असताना, त्याच सीमेवरच्या गाड्यांच्या किलोमीटरांचा हिशेब त्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसून जुळवत आले आहेत. वाद आणि व्यवहार यांचे हे सहजीवन आपल्या संघराज्याचे खरे रूप आहे, असे माझे मत.

या हिशेबाचा पाया परस्पर समानतेचा. तुमच्या गाड्या आमच्या हद्दीत जितक्या धावतील, साधारण तितक्याच आमच्या तुमच्या हद्दीत. तत्त्व न्याय्य आहे. पण त्यात उतारू नाही. एखाद्या गावाला आणखी एक फेरी हवी असेल तर ते गाव आगारप्रमुखाकडे अर्ज देईल, पण फेरी मिळणे न मिळणे दोन राजधान्यांमधल्या ताळेबंदावरही अवलंबून राहते.

दरम्यान मूळ प्रश्न भिजतच राहिला. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. काही गावे इकडे, काही तिकडे, पण बेळगाव शहर कर्नाटकातच, असा त्याचा मथितार्थ. महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ नोव्हेंबर हा दिवस बेळगावात एका बाजूने राज्योत्सव म्हणून आणि दुसऱ्या बाजूने काळा दिन म्हणून पाळला जातो. २०१४ साली याच तारखेला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. महाराष्ट्राच्या गाडीची पाटी ‘बेळगाव’ म्हणते. गाव तेच, स्थानक तेच.

आणि तणाव वाढला की पहिला फटका बसतो तो गाडीला. यामागे कारण आहे. सरकार दिसत नाही, मंत्री दूर असतो. पण अंगावर राज्याचे नाव लिहिलेली भलीमोठी गाडी रोज ठरल्या वेळी रस्त्यावर हजर असते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले, आणि एस.टी.ने कर्नाटकाकडच्या फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका वाहकाला भाषेवरून मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्याचे पडसाद दोन्हीकडे उमटले आणि पुन्हा काही दिवस गाड्या बंद राहिल्या. वाहक-चालक कोणत्याही राज्याचे असोत, या प्रत्येक वेळी तेच समोर सापडले. तिकीट मागताना कोणती भाषा बोलायची, हे त्यांच्या सेवानियमांत कुठे लिहिलेले नसणार. सीमेवरच्या गावांतला बहुतेक प्रत्येक वाहक दोन्ही बोलतो, निदान आकडे तरी दोन्हींत मोजतो.

गाड्या बंद राहतात तेव्हा हानी कोणाची होते? चंदगडहून बेळगावच्या बाजारात रताळी नेणाऱ्या शेतकऱ्याची, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीची, रक्त तपासायला निघालेल्या म्हाताऱ्याची. यांतील कोणीही सीमाप्रश्नाबद्दल उदासीन नाही. उलट त्यांची मते ठाम असतात. पण त्यांना सायंकाळी घरी परतायचे असते.

आता तिकिटाकडे वळू, कारण सीमा सर्वांत स्पष्ट तिथेच दिसते. एस.टी.चे भाडे टप्प्यांनी मोजतात. सहा किलोमीटरांचा एक टप्पा. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राने एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे केले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला होता. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या बसचा प्रवास विनामूल्य केला. दोन्ही सवलती उत्तम. पण महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, आणि कर्नाटकाची कर्नाटकाच्या रहिवासी स्त्रियांसाठी.

त्यामुळे चंदगडहून बेळगावला निघालेल्या बाईचे एकच तिकीट दोन हिशेबांनी बनते. हद्दीपर्यंत निम्मे भाडे, पुढच्या दोन-तीन टप्प्यांचे पूर्ण. तिच्या शेजारी बसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना हद्दीपर्यंत काहीच द्यावे लागत नाही. तिथून पुढे ते इतरांसारखेच उतारू. पूर्वी वाहकाकडे तिकिटांची पेटी आणि छिद्र पाडायचा चिमटा असे, तेव्हा हा हिशेब त्याला तोंडी करावा लागला असता. आता हातातले यंत्र तो करते आणि कागदाची पट्टी बाहेर पडते. बाई ती पट्टी पदराच्या गाठीला बांधते. गाडी शिनोळी सोडून बाचीकडे निघते.