दुधाच्या बाटलीतला रेणू

बिस्फेनॉल-ए हे नाव आपल्याकडे गाजले ते बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमुळे. पण हा पदार्थ त्या बाटल्यांहून पुष्कळ जुना आहे. १८९१ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी तो प्रथम तयार केला. फिनॉलचे दोन रेणू आणि अ‍ॅसिटोनचा एक रेणू आम्लाच्या सान्निध्यात जोडले, की पाण्याचा एक रेणू बाहेर पडून बिस्फेनॉल मिळते. नावातला ‘ए’ अ‍ॅसिटोनचा.

१९३६ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स कृत्रिम स्त्री-संप्रेरकाच्या शोधात होते. अंडाशय काढलेल्या उंदीर-माद्यांवर त्यांनी अनेक पदार्थ तपासले. त्यांत बिस्फेनॉल-ए सौम्य का होईना, पण इस्ट्रोजेनसारखे वागते असे आढळले. पुढे १९३८ मध्ये याहून कितीतरी प्रभावी असे डाय-इथिल-स्टिल्बेस्ट्रॉल हाती आल्याने बिस्फेनॉल औषध म्हणून मागे पडले. आम्हाला या इतिहासात सर्वांत खटकते ती गोष्ट हीच, की या रेणूचा संप्रेरकगुण प्लॅस्टिकच्या आधी माहीत होता.

१९५३ साली जर्मनीत हरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट बनवले. काचेसारखे पारदर्शक, पडले तरी न फुटणारे आणि उकळते पाणी सोसणारे. बाळाच्या बाटलीसाठी आणखी काय हवे? अडचण एवढीच, की बिस्फेनॉलचे दुवे जोडणारे कार्बोनेट-बंध गरम पाण्याने, विशेषतः अल्कधर्मी द्रावणाने, हळूहळू तुटतात. १९९३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना आपल्या प्रयोगात अनाहूत इस्ट्रोजेन सापडले. ते वाफेने निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून येत होते. १९९८ साली अमेरिकेतच पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे चुकून तीव्र साबणाने धुतले गेले आणि उंदरांच्या अंडपेशींतील गुणसूत्रांची विभागणी बिघडली. आपल्या घरी बाटली रोज उकळतात, ब्रशने घासतात आणि मोठ्या भावंडाची धाकट्याला देतात, हे येथे आठवावे.

मुंबईतही यावर काम झाले. परळच्या प्रजनन-स्वास्थ्य संशोधन संस्थेत गीता वनगे आणि सहकाऱ्यांनी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नर उंदरांना बिस्फेनॉल-ए दिले. मोठेपणी त्यांची प्रजननक्षमता घटलेली दिसली. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. डोस देण्याचे वय किती कोवळे, यावर परिणाम ठरतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा.

कोणत्या मुलांच्या शरीरात किती? अमेरिकेत २००३-०४ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांवरील सुमारे अडीच हजार जणांचे मूत्र तपासले. ९३ टक्के नमुन्यांत बिस्फेनॉल-ए होते. मुलांत ते प्रौढांपेक्षा जास्त, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत श्रीमंत घरांपेक्षा जास्त. मूल वजनाच्या मानाने अधिक खाते-पिते, हे पहिल्याचे एक कारण. मात्र हा पदार्थ काही तासांतच लघवीवाटे निघून जातो. म्हणून एका नमुन्यात फक्त कालपरवाचे जेवण बोलते.

ही अमेरिकन उतरंड अंधेरी-मुलुंडला जशीच्या तशी लावणे आम्हाला पटत नाही. तिकडे मोठा स्रोत म्हणजे डबाबंद अन्न, कारण डब्याच्या आतल्या इपॉक्सी लेपात बिस्फेनॉल असते. इकडे चाळीत काय किंवा सोसायटीत काय, पोळी-भाजी स्टीलच्या डब्यातच जाते. आपले मार्ग वेगळे: जुनी बाटली, पॉलिकार्बोनेटचा पाण्याचा मोठा जार, दुकानातली गुळगुळीत पावती. पावतीच्या उष्णता-संवेदी कागदात तर हे रसायन मोकळेच असते आणि बोटांना लागते.

भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आली, पण तिचा हेतू स्तनपान वाचवण्याचा होता. बाटलीतले बिस्फेनॉल-ए भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये वर्ज्य केले. युरोपने हे २०११ सालीच केले होते. २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची सह्य मात्रा दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी! जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला ती पटली नाही; तिने २०० नॅनोग्रॅम सुचवले.

दरम्यान ‘बीपीए-मुक्त’ लिहिलेल्या वस्तू आल्या. पावत्यांच्या कागदात पुष्कळदा बिस्फेनॉल-एची जागा बिस्फेनॉल-एसने घेतली, आणि तेही इस्ट्रोजेनसारखे वागते. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची, त्यात बिस्फेनॉल नाही. पॉलिकार्बोनेट ७ मध्ये येते. पण ७ म्हणजे ‘इतर सर्व’, त्यामुळे केवळ आकड्यावरून त्याची खात्री होत नाही.