सौजन्याची आज्ञा

संगणकाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. त्याच्यापुढे लागलेल्या रांगेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. १९५०च्या दशकात संगणक वापरणे म्हणजे मुख्यतः वाट पाहणेच होते. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तास, प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबायचे. कामे अशी गठ्ठ्यागठ्ठ्याने चालत, म्हणून ती 'बॅच'. कोणाचा गठ्ठा आधी, हे यंत्राजवळची माणसे ठरवीत.

१९६१ साली एमआयटीमध्ये फर्नांडो कॉरबॅटो यांनी कालविभाजनाची पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखविली आणि हा निवाडा यंत्राकडे आला. जे काम दिलेल्या वेळात संपत नाही त्याने खालच्या रांगेत जावे; तेथे पाळी उशिरा येईल, पण आली की सलग अधिक वेळ मिळेल, असे त्यांचे सूत्र होते. छोट्या कामांची सोय झाली. मोठ्यांचे काय? एमआयटीतील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ साली बंद केले तेव्हा १९६७ पासून खोळंबलेले एक काम त्यात सापडले, अशी दंतकथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातील भीती खरी आहे.

त्याच सुमारास बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये 'नाइस' ही आज्ञा आली. आज्ञेच्या शेवटी अँपरसँडचे चिन्ह लावले की काम पडद्याआड चालू राही. आरंभी 'नाइस' टंकले की ते इतरांना वाट देई. सौजन्याचा आकडा जितका मोठा तितका अग्रक्रम खालचा. आजच्या लिनक्समध्ये तो उणे २० पासून १९ पर्यंत जातो. या आज्ञेची खरी मेख अधिकारांच्या वाटणीत आहे. मागे सरण्याची मुभा प्रत्येकाला. पुढे घुसण्याची केवळ व्यवस्थापकाला.

परंतु जो आपणहून मागे सरतो त्याची पाळी येईलच, याची हमी कोणी द्यायची? ताटकळलेल्या कामाचा अग्रक्रम काळानुसार वाढवीत नेणे, हा एक जुना उपाय. २००७ साली इंगो मोलनार यांनी लिनक्ससाठी निराळा मार्ग घेतला. सौजन्याचा आकडा त्यांनी प्रोसेसरच्या वेळेतील वाट्याचे वजन मानला. शून्याचे वजन १०२४, एकोणिसाचे १५. अशी दोन कामे एकाच प्रोसेसरसाठी झगडू लागली, तर दुसऱ्याला सुमारे दीड टक्का वेळ मिळतो. वाटा अगदी तुटपुंजा, पण ठरलेला. तेवढा पदरात पडेल असा भरवसा असेल, तरच माणसे आपल्या कामाआधी तो शब्द टंकायला धजतील.