हवेचा धडा आणि पुणे

१९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच वर्षी विज्ञानाला वाहिलेले ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी मासिक पुण्यातूनच निघू लागले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण हवेचा अभ्यास इथे टिकला. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली आणि १९६७ मध्ये राज्याची पाठ्यपुस्तके काढणारी बालभारतीही याच शहरात स्थापन झाली. म्हणजे हवा मोजणारे, हवेविषयी मराठीत लिहिणारे आणि मुलांची पुस्तके करणारे असे सगळे एका गावात होते. तरीही लहान मुलांसाठी हवेचा धडा बहुतेक वेळा नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि वातावरणाच्या थरांची नावे एवढ्यावरच संपतो. भाषा किंवा ज्ञान कमी पडले म्हणून हे झाले, असे या इतिहासाकडे पाहून म्हणता येत नाही. मोजणे मोठ्यांचे आणि पाठ करणे मुलांचे, अशी जी वाटणी आपण मान्य केली, तिथे खरी चूक झाली.

साधने नसतात, वर्गात मुले फार असतात, ही अडचण खरी आहे. पण तिला पुण्यातच उत्तर मिळाले आहे. टेल्को या वाहन कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात काम केले. फिल्मच्या रिकाम्या डब्या आणि सायकलची जुनी ट्यूब यांपासून त्यांनी फुगा फुगवणारा पंप करून दाखवला. हवा जागा व्यापते, ढकलली की ढकलते, हे त्या पंपावर मुलाच्या बोटांना कळते. एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरात पंपाची वेगळी ओळख करून द्यायलाही नको.

खेळणे म्हणजे ज्ञान नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. उपडा पेला पाण्यात बुडवला आणि आतला कागद कोरडा राहिला, तर प्रश्न न विचारता पुढे गेलेल्या वर्गात ती जादूच ठरते. म्हणून खेळण्यामागोमाग नोंद हवी. हवेचा दाब १०१३ मिलीबार असे पुस्तकात असते, पण तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथला दाब ९५० मिलीबारच्या आसपास राहतो. हा फरक का, या प्रश्नातूनच वर हवा विरळ होत जाते हे मूल शोधून काढू शकते, आणि मग थरांच्या नावांना अर्थ येतो. पुण्यातल्या शिक्षकांनी निदान एक महिनाभर शहराचा रोजचा प्रत्यक्ष दाब फळ्यावर लिहावा आणि मुलांना तो वहीत उतरवू द्यावा.