पाहुणा विंडोज आणि सीडीत अडकलेल्या ओव्या

आजची गोष्ट आमच्या खामगावातली आहे, एका जुन्या सीडीची.

माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असली कामं. 2001 साली एका निवृत्त गुरुजींनी मोताळा तालुक्यातल्या गावांत फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याकडे टाइप करायला दिल्या. पुस्तक काही निघालं नाही. गुरुजी गेले, ओव्या सांगणाऱ्या बाया गेल्या, वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरली फक्त सीडीवरची पेजमेकर 6.5ची फाइल.

माझ्या लॅपटॉपवर पेजमेकर नाही, म्हणून फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा! काका म्हणाले, "हे कोन्त्या भाषेत हाये रे बाबू?"

मराठीच होती ती. पण तेव्हा डीटीपीत युनिकोड रुळलं नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठी छपाई चालायची. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत, तेही प्रत्येकाचे वेगळ्या क्रमानं. म्हणजे फॉन्ट नाही तर मराठी नाही. आणि काकांच्या फॉन्टचं सेटअप 16-बिट. आजचं 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्राम चालवतच नाही.

मग उपाय काय? व्हर्च्युअल मशीन. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं 1960च्या दशकातच एका महागड्या यंत्रावर प्रत्येकाला स्वतंत्र यंत्राचा भास करून दिला होता. आपल्या पीसीवर मात्र ते अवघड होतं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या काही सूचना पाहुण्या सिस्टीमनं दिल्या, की त्या गुपचूप वेगळंच वागायच्या आणि यजमानाला पत्ताही लागायचा नाही. 1999 मध्ये व्हीएमवेअरनं अशा सूचना चालता चालता बदलून टाकायची युक्ती बाजारात आणली. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच ती सोय दिली. 2007 मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आलं, आणि तेही फुकट.

मला वाटलं, झालं काम! विंडोज 98 टाकलं, जोरात 2 जीबी रॅम दिली. ते सुरूच होईना. का? 98ला 512 एमबीच्या वर रॅम दिली की ते गोंधळतं. पाहुण्याला आग्रह करकरून वाढलं आणि त्यालाच बाधलं! 256 एमबी दिली तेव्हा उठलं. पण स्क्रीन एवढीशी आणि रंग मोजून सोळा. कारण यजमान-पाहुण्यात दुवा जोडणारं 'गेस्ट ॲडिशन्स' व्हर्च्युअलबॉक्सनं 98साठी कधी बनवलंच नाही. 'चालतं' आणि 'काम करता येतं' यात एवढा फरक असतो.

मग 32-बिट एक्सपी टाकलं. ते 16-बिट प्रोग्राम चालवतं, त्याच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स आहे आणि त्याला युनिकोडही कळतं. जुन्या-नव्याच्या मधला दुभाषाच म्हणा. फॉन्ट बसला, पेजमेकर उघडलं, आणि काका खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले. पहिल्या पानावर त्यांनीच टाइप केलेली ओवी होती. काकू आतून आली, वाचता वाचता गुणगुणायला लागली. तिच्या आईची चाल तिला अजून आठवत होती.

आता रोज थोडा थोडा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणतोय. जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो; काकू शेजारी बसून दुरुस्त करते.

मंडळी, व्हर्च्युअल मशीन म्हणजे काही कायमची तिजोरी नाही. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014लाच संपला. आज चालणारा पाहुणा उद्याच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. म्हणून तो चालतोय तोवर आतला मजकूर बाहेर काढून घ्या. तुमच्या गावातल्या जुन्या प्रेसवाल्याला एकदा विचारा, "काका, जुन्या सीड्या आहेत का हो?"

भेटू पुढच्या भागात!