प्रोग्रॅम कोसळला कोठे, चुकला कोठे? : देवनागरी, मोडी आणि लिनक्स

१/१२
छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आपणांस ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने जमिनीखालून शहरात पाणी आणले. अशा व्यवस्थेत हौद कोरडा पडला, तर दोष हौदात नसतो. तपासणीच्या एकेका तोंडातून डोकावत उगमाकडे मागे जावे लागते. आजचा धागा संगणकातील अशाच एका शोधाचा.

२/१२
अभ्यासासाठी मी मोडी कागदपत्रांची एक देवनागरी सूची वापरते. ती दाखवणारा प्रोग्रॅम वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विंडोजसाठी लिहिलेला. सुदैवाने त्याचा सोर्स कोड उपलब्ध होता. माझ्या मैत्रिणीने त्याच्या खिडक्या, बटणे नव्याने बांधून तो लिनक्सवर आणला. तो तेथे दोनदा कोसळला, आणि दोन्ही वेळा त्याने चुकीच्या जागेकडे बोट दाखवले.

३/१२
पहिला अडथळा एक्स विंडो सिस्टिमचा. ही व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजेच एक्स-११, १९८७ ची. येथे प्रोग्रॅम 'खिडकी काढ, चित्र काढ' अशा विनंत्या पाठवतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. परिणामी चुकीची वार्ता उशिरा येते, तोवर प्रोग्रॅम दुसऱ्याच कामात असतो.

४/१२
इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे ओळखीचे वाटेल. घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या बखरीवर विसंबण्याआधी आपण समकालीन पत्र शोधतो. एक्सच्या बाबतीतही तोच उपाय आहे : प्रत्येक विनंतीचे उत्तर येईपर्यंत थांबायला लावायचे. प्रोग्रॅम मंदावतो, पण वार्ता जागच्या जागी मिळते. चूक क्षुल्लक निघाली; एका चित्राची रंगखोली खिडकीशी जुळत नव्हती.

५/१२
दुसरे संकट गंभीर होते. यादी खाली सरकवताच 'सेगमेंटेशन फॉल्ट' येई. आपल्या वाट्याला न आलेल्या मेमरीला प्रोग्रॅमने हात लावला, की कर्नल त्याला तत्काळ थांबवतो. मागे उरते त्याच्या मेमरीची प्रत, 'कोअर डंप'. हे नाव जुन्या चुंबकीय कोअर मेमरीवरून आले. ती मेमरी गेली, नाव राहिले.

६/१२
त्या प्रतीचा पंचनामा करण्यासाठी जीडीबी हे साधन आहे. त्याने बोट ठेवले अक्षरे रंगवणाऱ्या फंक्शनवर. आम्ही तेथे एक अट घातली : नोंद सदोष वाटली तर वगळावी. प्रोग्रॅम कोसळेनासा झाला. आम्ही आनंदलो.

७/१२
दोन दिवसांनी ध्यानी आले की सूचीतून एक कागदच नाहीसा झाला आहे. कोसळणारा प्रोग्रॅम निदान ओरडून सांगतो. आम्ही त्याचे तोंड बंद केले होते. कोणा अभ्यासकाने ती सूची पाहून 'असा कागद नाही' असे लिहिले असते, तर ते खोडणार कोण?

८/१२
अट काढून टाकली आणि व्हॅलग्रिंड हे साधन लावले. ते मेमरीतील प्रत्येक वाचन-लेखनावर पहारा ठेवते. चूक रंगवताना घडतच नव्हती. सूची उघडताना, नावे मेमरीत उतरवून घेतानाच ती घडून गेली होती.

९/१२
मूळ लेखकाने प्रत्येक वर्णासाठी दोन बाइट धरले होते. विंडोजवर ते बरोबरच होते. लिनक्सवर त्याच प्रकारच्या वर्णाला चार बाइट लागतात. 'संभाजी' हे नाव संगणकाच्या लेखी सहा वर्णांचे (स, अनुस्वार, भ, काना, ज, वेलांटी). जागा राखली १२ बाइट, लिहिले गेले २४. उरलेले शेजारच्या नोंदीवर सांडले, आणि ती शेजारची नोंद वाचताना प्रोग्रॅम कोसळला.

१०/१२
पण 'दोन' कोठून आले? १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा जगातील लिप्यांना सोळा बिट, म्हणजे ६५,५३६ स्थाने, पुरतील असा समज होता. १९९३ च्या विंडोज एनटीने तोच समज स्वीकारला. १९९६ मध्ये युनिकोडने मर्यादा वाढवली, तोवर विंडोजची घडी बसली होती. लिनक्सने बत्तीस बिटांचा मार्ग धरला.

११/१२
देवनागरीला जुन्या मर्यादेतच घर मिळाले. मोडी मात्र २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तिची स्थाने सुरू होतात ७१,१६८ पासून, म्हणजे मर्यादेबाहेर. उद्या ही सूची मोडीतच करू म्हटले, तर 'एक वर्ण म्हणजे दोन बाइट' हे गृहीतक विंडोजवरही कोसळेल. ज्या लिपीत मराठी राज्यकारभार चालला, ती त्या पहिल्या हिशेबात नव्हतीच.

१२/१२
दुरुस्ती एका ओळीची ठरली : 'दोन' खोडून त्या जागी प्रत्यक्ष संगणकालाच वर्णाचा आकार विचारला. हरवलेला कागद सूचीत परत आला. आता त्या ओळीशेजारी १९९१ चा संदर्भ देणारी एक टीप आहे, म्हणजे पुढे हा प्रोग्रॅम हाती घेणाऱ्याला पुन्हा हौदापासून सुरुवात करावी लागणार नाही. धागा समाप्त.