मिसूलाच्या तळघरांतील मूकपट

बोलपटांच्या गोंगाटास सरावलेल्या प्रेक्षकास मूकपट म्हटला कीं हातवारे आणि वटारलेले डोळे एवढेंच आठवतें. गुन्हेगारांच्या जीवनावरील आरंभींच्या मूकपटांविषयीं तरी हा समज खरा नव्हे. राऊल वॉल्श यांचा 'रीजनरेशन' (१९१५) पाहावा. आई वारल्यानें पोरका झालेला मुलगा शेजाऱ्यांच्या घरीं वाढतो, पुढें न्यूयॉर्कमधील गुंडांच्या टोळीचा म्होरक्या होतो आणि गोरगरिबांत सेवाकार्य करणाऱ्या एका तरुणीमुळें सन्मार्गाकडे वळतो. कथा म्हणाल तर ठरीव साच्याची, उपदेशानें थोडी जडावलेलीच. परंतु वॉल्श यांनीं ती दारिद्र्यानें गांजलेल्या बावरी भागांतील खऱ्या रस्त्यांवर चित्रित केली, आणि तेथील रहिवाशांना, कांहीं खऱ्याखुऱ्या गुंडांनासुद्धां, कॅमेऱ्यापुढें उभें केलें. त्या चेहऱ्यांवरील सुरकुत्या रंगभूषाकारानें रेखाटलेल्या नाहींत. मला तर नायकापेक्षां तेच चेहरे अधिक आठवतात. त्यांना बोलावयास लावलें असतें तर कदाचित् रसभंगच झाला असता!

त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या कालांतरानें नासतात. आणि एकदां पेटल्या कीं पाण्यानेंही विझत नाहींत, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु त्या स्वतःच पुरवितात. ९ जुलै १९३७ रोजीं न्यू जर्सींतील लिटल फेरी येथें फॉक्स कंपनीचें कोठार जळालें आणि तिच्या बहुतेक मूकपटांची राख झाली. 'रीजनरेशन' याच कंपनीचा. तोही गेला असेंच सर्वांनीं धरलें होतें. पुढें १९७६ सालीं दूर माँटानांतील मिसूला गांवीं, एका जुन्या इमारतीच्या तळघरांत, त्याची एक प्रत सांपडली.

प्रत्येक मूकपटास असें तळघर लाभत नाहीं. मुंबईचेंच उदाहरण घ्या. १९२५ च्या जानेवारींत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोंचले आणि १९२६ सालीं तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. खुनाच्याच वर्षीं कोहिनूर फिल्म कंपनीसाठीं होमी मास्टर यांनीं या प्रकरणावरून 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. हिंदुस्थानांत निघालेल्या सुमारें १३०० मूकपटांपैकीं पूर्ण वा तुटक स्वरूपांत उरलेले कसेबसे तीसेक. त्यांत तो नाहीं. खटल्याची हकीकत वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींत सविस्तर वाचावयास मिळते. मात्र ज्या मुंबईनें ती चवीनें वाचली, तिनें पडद्यावर काय पाहिलें, हें पाहण्याची सोय आतां उरलेली नाहीं.